टॅबवर कॉमिक्स वाचायला अ‍ॅप कोणतं? माझं मत: आधी फाइल आपल्या हातात हवी

कोपरीकर (धागा सुरू करणारा)

गेल्या पावसाळ्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली तर बाबांच्या इंद्रजाल कॉमिक्सच्या गठ्ठ्याला ओल लागलेली. वेताळ, मँड्रेक, बहादूर, सगळे एकमेकांना चिकटलेले. 1964 ला सुरू झालेली आणि 1990 ला बंद पडलेली ही मालिका. ते मराठी अंक पुन्हा बाजारात यायची वाट किती बघणार? म्हणून गंजलेल्या पिना सोडवल्या, पानं पंख्याखाली वाळवली आणि एकेक करून 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) स्कॅन केली. सत्तेचाळीस अंक बचावले. दोन गेले.

तेव्हापासून टॅब आणि कॉम्प्युटर मिळून चार अ‍ॅप बदलून झाली. त्या बदलांत एक पानही गेलं नाही, कारण अंक अ‍ॅपमध्ये नाहीत, माझ्या हार्ड डिस्कवर सीबीझेड फायली म्हणून आहेत. सीबीझेड म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, पानांच्या चित्रांची झिप. फाइलच्या नावातलं शेवटचं सीबीझेड पुसून झिप लिहा, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते. सध्या विंडोजवर सीडिस्प्लेएक्स, अँड्रॉइड टॅबवर परफेक्ट व्ह्यूअर आणि बहिणीच्या आयपॅडवर पॅनल्स, असं चाललंय.

उलट बाजूला कॉमिक्सॉलॉजीचं बघा. डिजिटल कॉमिक्स विकणारी 2007 ची कंपनी, 2014 मध्ये अ‍ॅमेझॉननं घेतली, डिसेंबर 2023 मध्ये तिचं स्वतंत्र अ‍ॅप बंद करून सगळं किंडल या त्यांच्या पुस्तकं वाचायच्या अ‍ॅपमध्ये नेलं. घेतलेले अंक बुडाले नाहीत, हे खरं. पण लोकांनी वर्षानुवर्षं लावलेली मांडणी त्यांना न विचारता मोडली. फेब्रुवारी 2025 मध्ये किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं न्यायची सोयही काढून टाकली.

म्हणून जे अ‍ॅप माझी फाइल जशीच्या तशी उघडतं आणि मी निघून गेलो तर अडवत नाही, तेच घ्यावं. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी जरूर लिहा.

वाशी सेक्टर 9

दादा, बाबांचे अंक वाचवलेत, फार मोलाचं काम केलंत. पण तुमची गरज ती सगळ्यांची नाही. मी बँकेत नोकरी करते, घरी पोचायला साडेसात. मुलगी चौथीत. तिला जेवणानंतर अर्धा तास कॉमिक्स हवं असतं. त्या अर्ध्या तासात मी फायली शोधू, त्यांना नावं देऊ, की पोळ्या करू? अमर चित्रकथेचं अ‍ॅप उघडते, ती स्वतः निवडते, वाचते.

दुसरं म्हणजे एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय. कॉमिक्सॉलॉजीनं तिला गाइडेड व्ह्यू नाव दिलं आणि ती आता किंडलवर आहे. नुकत्या वाचायला लागलेल्या मुलांना पानावर कुठून कुठे जायचं तेच कळत नाही. माझी लेक आधी उजवीकडची खालची चौकट वाचायची आणि गोष्ट कळली नाही म्हणून रडायची. एकेक चौकट यायला लागल्यावर आठवड्याभरात तिची गाडी रुळावर आली. तुमच्या स्कॅनवर हे होतं का?

आणि मालकीचं म्हणाल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उभं आहे. तिथून आणलेलं पुस्तक कधी कुणाचं स्वतःचं होतं? वाचून परत केलं. आपल्या पिढ्या तशाच वाचत्या झाल्या.

कोपरीकर

ताई, चौकटींचा मुद्दा मान्य. दुकानातल्या अंकांना चौकटींची आखणी आधीच करून दिलेली असते, माझ्या स्कॅनला ती नसते. काही अ‍ॅप चौकटी आपोआप ओळखतात, पण तिरक्या किंवा एकात एक घुसलेल्या चौकटी आल्या की चुकतात.

ग्रंथसंग्रहालयाचं मात्र पटत नाही. तिथं मी वर्गणी भरतो आणि पुस्तक परत करायचं हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. इथे बटणावर 'विकत घ्या' लिहिलेलं असतं आणि मिळतो तो फक्त वाचायचा परवाना. कॅलिफोर्नियात तर 1 जानेवारी 2025 पासून कायदाच झाला की असा परवाना विकताना दुकानानं ते ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. कायदा करावा लागला, म्हणजे लोकांचा गैरसमज होत होता.

ऐरोलीची चित्रकार

मला दोघांच्याही आधी एक बोलायचंय. फाइल हातात हवी म्हणणारे दहा जण भेटले तर त्यांतल्या किती जणांनी ती स्वतः स्कॅन केलेली असते किंवा विकत घेतलेली असते? मी चित्रं काढून पोट भरते. एका पानाला पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं मिळून तीन-चार दिवस जातात. ते पान कुणीतरी सीबीआर (सीबीझेडसारखीच फाइल) करून ग्रुपवर टाकतं आणि पाचशे जण 'धन्यवाद भावा' लिहितात. कोपरीकर, तुमच्याबद्दल नाही हे. पण 'दुकानाचं अ‍ॅप नको' हा सल्ला नवख्याच्या कानात 'फुकट उतरव' असाच पडतो. दुकानाच्या अ‍ॅपमधून निदान चार पैसे कलाकाराच्या बाजूला सरकतात.

घोडबंदर रोड

ताई, राग समजतो, पण हातात फाइल देऊन पैसे घेणारी दुकानंही आहेत. ब्रिटनचं 2000 एडी साप्ताहिक आपल्या दुकानात पीडीएफ आणि सीबीझेड दोन्ही देतं, कुलूप नाही, म्हणजे फाइल हवी तिथे उघडा. इमेज कॉमिक्सनं 2013 मध्येच बिनकुलपाच्या फायली विकायला काढल्या होत्या. आणि ज्यांचे हक्क संपलेत असे जुने अमेरिकन अंक डिजिटल कॉमिक म्युझियमवर फुकट आणि रीतसर मिळतात. चोरी न करता फाइल मिळते, फक्त ती कुठे मिळते ते सांगणारे कमी.

आता कामाचं. सीबीआर आली की मी लगेच सीबीझेड करतो. सीबीआर म्हणजे आत झिपऐवजी रार, फायली एकत्र बांधायची दुसरी पद्धत. त्यातलं 2013 नंतरचं रार 5 असलं तर जुनी अ‍ॅप तोंड फिरवतात. पानांना 001, 002 अशी नावं द्या, नाहीतर काही अ‍ॅप 1 नंतर 10 दाखवतात आणि खुनी कोण ते चौथ्या पानावरच कळतं. अंकाचं नाव, क्रमांक, लेखक ही माहिती कॉमिकइन्फो नावाच्या छोट्या फाइलमध्ये सीबीझेडच्या पोटातच ठेवता येते, अ‍ॅप बदललं तरी ती जात नाही. तुम्ही कुठपर्यंत वाचलंत ती खूण मात्र बहुतेक अ‍ॅप स्वतःकडेच ठेवतात. कोपरीकर, चार अ‍ॅप बदलताना ही खूण गेलीच असेल.

म्हणून मला यॅकरीडर आवडतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर फुकट, आणि घरच्या वायफायवर कॉम्प्युटरवरचा संग्रह आयपॅडला वाचायला देतं, खुणेसकट.

वाशी सेक्टर 9

घोडबंदर, तुम्ही जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. नावं द्या, रूपांतर करा, पोटात माहिती घाला, सर्व्हर लावा. हे सगळं करणारा माणूस घरात असेल तर उत्तम. आमच्याकडे तो मीच, आणि माझ्याकडे वेळ नाही. मुलीचं वाचायचं वय चार-पाच वर्षांचं. ती मोठी झाल्यावर तो अंक माझ्याकडे राहिला नाही तरी तिनं वाचलेला राहील. मी पैसे त्यासाठी देते.

नेरूळचे आजोबा

वय 71. इंद्रजाल मी अंक निघाला त्या आठवड्यात वाचलेलं आहे, म्हणून लिहितो. तुम्ही सगळे अ‍ॅपवर भांडताय आणि पडद्याबद्दल कुणीच बोलत नाही.

अमेरिकन कॉमिकचं छापील पान साधारण 6.6 बाय 10.2 इंच. आठ इंची टॅब उभा धरला तर ते पान मूळच्या दोन तृतीयांशाहून मोठं दिसत नाही. अकरा इंचाच्या आसपासच्या आयपॅडवर सत्त्याऐंशी टक्क्यांपर्यंत जातं. इंग्रजी मोठ्या अक्षरांना लहान पान चालतं. आपल्या देवनागरीला रेघेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. फुग्यातली अक्षरं बारीक झाली की आधी अनुस्वार जातो. नातवाच्या स्वस्त टॅबवर 'वेताळानं' मी 'वेताळान' वाचत होतो. बोट लावून मोठं केलं तेव्हा टिंब दिसलं. ठाणे-नेरूळ लोकलमध्ये उभ्यानं, एक हात कडीला असताना, दर फुग्याला बोटं फाकवायची कशी?

कोपरीकर, तुमच्या 300 डीपीआयच्या स्कॅनमध्ये टिंब आहे, पण टॅब ते दाखवतो का, ते आधी बघा. वाशीच्या ताईंची एकेक चौकट माझ्याही डोळ्यांना लागते, चौथीतल्या मुलीइतकीच. पण ती सोय मिळते दुकानाच्या अंकांना, आणि माझा वेताळ दुकानात नाही.

कोपरीकर

आजोबा, तुमचं वाचून आत्ता तपासलं. माझ्या टॅबवर पान रुंदीला भरून लावलं आणि टॅब आडवा धरला की पान वर-खाली सरकवावं लागतं, पण अनुस्वार स्वच्छ दिसतो. परफेक्ट व्ह्यूअरमध्ये पडद्यावर टिचकी मारत खाली उतरता येतं, दोन बोटं लागत नाहीत. हे स्कॅनवर चालतं, चौकटींची आखणी लागत नाही.

घोडबंदर, खूण गेली, चारही वेळा. फाइल माझी आणि वाचन अ‍ॅपचं, हा हिशेब मी मांडलाच नव्हता. यॅकरीडर लावून बघतो. ताई, दुकानाच्या अ‍ॅपबद्दल माझं मत तेच आहे.

ऐरोलीची चित्रकार

कोपरीकर, ओल लागून गेलेले ते दोन अंक कोणते? क्रमांक लिहा. माझ्या मामांकडे कळव्याला एक गठ्ठा आहे. त्यात असले तर घेऊन येते, माझ्यासमोर स्कॅन करा आणि पिना मीच परत लावीन.