लिथियममुळे चेतापेशींतील ऑटोफॅजी वाढते की मंदावते?

प्रश्न (जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी)

नमस्कार. माझे काका बायपोलर विकारासाठी अनेक वर्षे लिथियम घेत आहेत आणि त्या औषधाने त्यांना सावरले, हे आम्ही घरच्यांनी पाहिले आहे. अभ्यासासाठी वाचताना मात्र मी गोंधळले आहे. एका ठिकाणी लिथियम ऑटोफॅजीला, म्हणजे पेशीने स्वतःतील निकामी प्रथिने व सूक्ष्म भाग लायसोसोमकडे (पेशीतील पचनपिशवीकडे) नेऊन पचवण्याच्या क्रियेला, चालना देते असे म्हटले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी तेच लिथियम ती क्रिया मंदावते असे लिहिले आहे. हंटिंग्टन, पार्किन्सन आणि अल्झायमर या आजारांत प्रथिनांचे गोळे साचत असतील, तर त्यांच्यावर लिथियमचा उपयोग होईल असे मानावे का?

उत्तर १

दोन्ही विधाने खरी आहेत, कारण लिथियम पेशीत एकाच जागी काम करत नाही. इनॉसिटॉल मोनोफॉस्फटेज हे विकर वापरून झालेल्या इनॉसिटॉल फॉस्फेटपासून पुन्हा मोकळे इनॉसिटॉल तयार करते. लिथियमने हे विकर अडवले की मोकळे इनॉसिटॉल घटते, पाठोपाठ आयपी-३ हा संदेशवाहक रेणूही कमी होतो आणि ऑटोफॅजी वाढते. केंब्रिजमधील डेव्हिड रुबिन्स्टाइन यांच्या गटाने २००५ मध्ये हे दाखवले. त्यांच्या पेशींमध्ये हंटिंग्टिनचे (हंटिंग्टन आजारातील प्रथिनाचे) सदोष तुकडे आणि अल्फा-सिन्युक्लिनची (पार्किन्सनमधील प्रथिनाची) उत्परिवर्तित रूपे अधिक वेगाने साफ झाली. हा मार्ग एमटॉरवर, म्हणजे पेशीची वाढ सांभाळणाऱ्या आणि ऑटोफॅजी रोखून धरणाऱ्या विकरावर, अवलंबून नाही, हे त्या शोधाचे मोठेपण आहे, कारण तोवर ऑटोफॅजी वाढवायची तर रॅपामायसिन या औषधाने एमटॉर दाबायचा, हाच मुख्य उपाय हाताशी होता.

दुसरा मार्ग जीएसके-३ बीटा या विकराचा आहे. लिथियम तेही दाबते, हे १९९६ पासून माहीत आहे. जीएसके-३ दबले की एमटॉरवरील एक लगाम सैल होतो, एमटॉर अधिक सक्रिय होतो आणि ऑटोफॅजी उतरते. म्हणूनच त्याच गटाने २००८ मध्ये लिथियमला रॅपामायसिनची जोड दिली. त्यामागचा विचार मला फार सुंदर वाटतो : लिथियमने इनॉसिटॉलच्या वाटेने ऑटोफॅजी वाढवायची आणि जीएसके-३ च्या वाटेने सुटलेल्या एमटॉरला रॅपामायसिनने आवरायचे.

उत्तर २ (पेशीसंवर्धन करणारा संशोधक)

वरील उत्तर अचूक आहे, पण मात्रेचा मुद्दा त्यात राहून गेला. पेशींवरील अशा प्रयोगांत साधारणपणे १० मिलिमोल प्रति लिटर लिथियम वापरले जाते, तर रुग्णाच्या रक्तात ते ०.६ ते १.० एवढेच ठेवतात आणि १.५ च्या पुढे विषबाधेची भीती असते. प्रयोगशाळेच्या थाळीतील पेशींत दिसलेला परिणाम मेंदूत तसाच घडत असेल, असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही.

मोजणीबद्दलही सांगायला हवे. बहुतेक शोधनिबंध एलसी-३-दोन या प्रथिनाची वाढ दाखवतात. ते प्रथिन ऑटोफॅगोसोमच्या, म्हणजे पचवायचा माल लायसोसोमकडे नेणाऱ्या पिशवीच्या, पडद्याला चिकटलेले असते, म्हणून ते वाढले याचा अर्थ ऑटोफॅगोसोम जास्त तयार होत आहेत असा असू शकतो किंवा लायसोसोम ते पचवेनासे झाले आहेत असाही असू शकतो, आणि हे दोन अर्थ परस्परविरुद्ध आहेत. बॅफिलोमायसिनने पचन मुद्दाम थांबवून, लिथियमसह आणि लिथियमविना, अशी तुलना केल्याशिवाय मी कोणताही निष्कर्ष मान्य करत नाही. चेतापेशींच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते, कारण त्यांच्या लांब अक्षतंतूंच्या (पेशीपासून निघणाऱ्या धाग्यांच्या) टोकाशी तयार झालेले ऑटोफॅगोसोम पेशीकायेकडे (पेशीच्या मुख्य भागाकडे) वाहून न्यावे लागतात आणि अडथळा त्या वाटेतही येऊ शकतो.

उत्तर ३ (मेंदूविकारतज्ज्ञ)

आपल्या शेवटच्या प्रश्नाला मी एएलएस या, हालचालींच्या चेतापेशी नष्ट करणाऱ्या आजाराच्या इतिहासातून उत्तर देतो, कारण तो मला आजही अस्वस्थ करतो. २००८ मध्ये इटलीतील एका गटाने लिथियममुळे या आजाराच्या उंदरांत ऑटोफॅजी वाढून त्यांचे आयुष्य लांबले, असे प्रसिद्ध केले. त्याच निबंधात ४४ रुग्णांची लहानशी चाचणीही होती. त्यांतील १६ जणांना रिल्युझोल या एएलएसवरील औषधासोबत लिथियम दिले होते आणि १५ महिन्यांत त्यांच्यापैकी एकही दगावला नाही. ज्या आजारात आशेला फारशी जागा नसते, तिथे ही बातमी किती वेगाने पसरली असेल याची कल्पना आपण करू शकता. पुढे मात्र अमेरिका आणि कॅनडातील ८४ रुग्णांची चाचणी लाभाची शक्यता नसल्यामुळे २०१० मध्ये मधूनच थांबवली गेली आणि २०१३ मध्ये ब्रिटनमधील २१४ रुग्णांच्या चाचणीतही आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्रणा पटण्याजोगी होती, पण रुग्णाला लाभ झाला नाही. म्हणून हंटिंग्टन किंवा पार्किन्सनसाठी केवळ ऑटोफॅजीच्या आधारावर लिथियम द्यावे, असे मी म्हणणार नाही.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. थाळीतील आणि रक्तातील मात्रेत एवढी तफावत असेल, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. अल्झायमरमध्ये मेंदूतील लिथियम घटते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून घरी लिथियम ओरोटेट या लिथियमच्या एका क्षाराच्या गोळ्यांची चर्चा सुरू आहे. त्याबद्दल आपले मत काय?

उत्तर ३ (मेंदूविकारतज्ज्ञ)

हार्वर्डच्या गटाचे ते काम महत्त्वाचे आहे. अमायलॉइडच्या (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या) गाठी लिथियम अडकवून ठेवतात आणि आहारातून लिथियम कमी केलेल्या उंदरांत विकृती वाढते, असे त्यांनी दाखवले. तिथे मुख्य भर जीएसके-३ बीटावर आहे, म्हणून ऑटोफॅजीच्या वादाचा निकाल त्यातून लागत नाही. ओरोटेटचा गुण मात्र उंदरांत दिसला आहे आणि माणसांसाठी मात्रा ठरवण्याइतका तो पुरावा नाही, म्हणून स्वतःहून ते कोणीही सुरू करू नये. काकांना तर आधीच लिथियम सुरू आहे. त्यात दुसऱ्या रूपातील लिथियमची भर पडली तर रक्तातील पातळी वाढेल. त्यांच्या मूत्रपिंडाची, थायरॉइडची आणि रक्तातील लिथियमची तपासणी ठरल्या वेळी होते ना, एवढे पाहा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके, रक्तदाबाची काही औषधे किंवा जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी होणे यांनीही ती पातळी धोक्याच्या पुढे जाऊ शकते. हे त्यांना स्वतःला आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.