स्प्रिंग कापण्याआधी
जुन्या मारुती एस्टीमच्या स्प्रिंगचा एक वेढा कापून गाडीची उंची स्वस्तात कमी करावी, या आपल्या सूचनेत एक बाब राहून गेली आहे. समजा आठ कार्यरत (म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या) वेढ्यांपैकी एक कापला, तर उरलेली स्प्रिंग सुमारे 14 टक्के अधिक कडक होते; परंतु जुन्या, थकलेल्या शॉक अब्सॉर्बरला ती आवरत नसल्याने खड्ड्यानंतर गाडी उसळत राहते आणि खाली दबायला जागा कमी उरल्यामुळे बंप स्टॉपवर (दबण्याची हद्द रोखणाऱ्या ठोकळ्यावर) वारंवार आदळते. शिवाय चाक पूर्ण लोंबकळल्यावर आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते, आणि हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. पैसे वाचवायचेच असतील तर ते अलॉय चाकांवर वाचवावेत (दिखाऊपणा तसाही तिथेच अधिक असतो), स्प्रिंग मात्र तयार लोअरिंगच्या (उंची कमी करण्यासाठीच बनवलेल्या) घ्याव्यात. उंची बदलल्यावर टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडतो, म्हणून चाकांचे अलाइनमेंट लगेच करून घ्यावे.