पाल काचेवर चिकटते कशी? आणि तुटलेली शेपटी हलते कशी? (मुलाच्या प्रदर्शनासाठी)

रावपुऱ्याची_आई
नमस्कार मंडळी, माझा मुलगा आठवीत आहे, इथे बडोद्यातच, आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने विषय घेतलाय पाल. आमचं घर जुनं, उंच खिडक्यांचं, संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की दोन-तीन पाली काचेवर हजर होतात, तो तासन्‌तास बघत बसतो. आता अडचण अशी की त्याच्या गाइडमध्ये लिहिलंय पालीच्या पायाला हवा ओढून घेणाऱ्या वाट्या असतात, शेजारच्या बेन म्हणतात गरोळीच्या पायाला चीक असतो, आणि यूट्यूबवर कोणी सांगतंय की स्टॅटिक करंटने चिकटते. यातलं खरं काय धरायचं?
दुसरं म्हणजे परवा दारात सापडून एकीची शेपटी तुटली, पाल पळून गेली आणि शेपटी एकटीच वळवळत राहिली, तेव्हापासून तो विचारतोय की मेंदू तर तिकडे गेला मग शेपटीला सांगतंय कोण? मला उत्तर देता येईना.
आणि त्याला एक पाल बाटलीत धरून प्रयोग करायचाय. करू द्यावा का? सासूबाईंचा सक्त विरोध आहे, त्यांच्या मते पाल विषारी.

मेकॅनिकल_अलकापुरी
ताई, तिन्ही उत्तरं मुलाला तक्त्यावर लिहायला सांगा आणि एकेक कसं तपासलं गेलं ते पुढे लिहू द्या, प्रोजेक्ट तिथेच उभा राहील.
चीक तर नाहीच, पालीच्या तळव्यात चिकट द्रव सोडणारी ग्रंथीच नसते, पाऊल कोरडं असतं. वाट्यांचं म्हणाल तर हवेच्या दाबावर चिकटत असेल तर हवा काढून घेतल्यावर पडायला हवी, पण निर्वातातही ती चिकटून राहते. हा प्रयोग डेलिट नावाच्या जर्मन माणसाने 1934 सालीच केलाय, आणि गाइडांमध्ये अजून वाट्याच छापतायत याचं खरंच वाईट वाटतं. त्यानेच एक्स-रे सोडून आजूबाजूची हवा विद्युतवाहक करून बघितली, म्हणजे चार्ज साठूच नये, तरी पाल चिकटलेलीच. (चार्जचा थोडा हात असू शकतो असं म्हणणारे संशोधक अलीकडेही आहेत, म्हणून त्याला ‘अजिबात नाही’ असं लिहू नका म्हणावं.)
मग चिकटतं काय? बोटाखाली आडव्या पट्ट्या दिसतात ना, त्यांच्यावर केराटिनचे (नखांसारख्या द्रव्याचे) बारीक केस असतात. टोके नावाची मोठी पाल असते, आपल्याकडे ईशान्य भारतात सापडते, तिच्या एका पावलावर असे जवळजवळ 5 लाख केस, प्रत्येक केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा लांब, आणि प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे, त्या फाट्यांची चपटी टोकं 200 नॅनोमीटर रुंद. एवढी बारीक टोकं काचेच्या इतकी जवळ जातात की दोन्हीकडच्या रेणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण कामाला येतं. हे बल एरवी नगण्य, कारण आपण हात भिंतीला लावला तरी खरा स्पर्श फार थोड्या ठिकाणी होतो, बाकी सगळी फटच.
2000 साली केलर ऑटम आणि त्यांच्या टीमने एकच केस सुटा करून त्याचं बल मोजलं, साधारण 200 मायक्रोन्यूटन आलं. आता मुलाला गुणाकार करायला द्या: 5 लाख केस गुणिले 200 मायक्रोन्यूटन म्हणजे 100 न्यूटन, म्हणजे एका पावलावर 10 किलो वजन तोललं जाईल, प्राणी मात्र साधारण 50 ते 150 ग्रॅमचा! सगळे केस एकदम पूर्ण ताकदीने कधीच लागत नाहीत, पण म्हणूनच एखादं पाऊल उचललेलं असताना, भिंतीवर धूळ असताना सुद्धा ती पडत नाही.

प्राणिशास्त्र_निवृत्त
आधी शेवटच्या प्रश्नाचं. बाटलीत धरू देऊ नका. पाल विषारी नसते हे सासूबाईंना नक्की सांगा, पण तिच्या विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात म्हणून अन्न झाकायचं आणि हात धुवायचे हे त्यांचं बरोबरच आहे. पकडताना मुलाच्या हातून पुन्हा शेपटी तुटणार आणि ती पालीला फार महाग पडते, कारण शेपटीत तिची चरबी साठवलेली असते, मादीला अंड्यांसाठी तीच लागते.
शेपटी दोन मणक्यांच्या सांध्यावर तुटते असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. मणक्याच्याच मध्ये आधीपासून एक कच्ची जागा ठेवलेली असते, स्नायू आणि कातडीही त्याच रेषेवर सुटतात, आणि रक्तवाहिनी लगेच आवळून बंद होते म्हणून रक्त जेमतेम दिसतं. शेपटीला सांगतंय कोण या प्रश्नावर मुलाचं कौतुक करा, प्रश्न अगदी नेमका आहे! मज्जारज्जू शेपटीतही गेलेला असतो, तुटलेल्या तुकड्यात त्याचा भाग राहतो आणि तेवढ्यातल्या चेतापेशी स्नायूंना आलटून पालटून हुकूम देत राहतात, मेंदूची गरज नाही. 2009 मध्ये लेपर्ड गेको या पालीच्या तुटलेल्या शेपट्यांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की ती नुसती डावी-उजवी वळवळत नाही, मध्येच उसळी मारते, कोलांटी घेते. मांजर तिच्याकडे बघत बसतं, पाल निसटते.
आता तुमच्या मुलाने प्रदर्शनात पहिल्यांदा काय सांगावं तर हे, की शेपटी परत कशी येते यावरचं खूप मोठं काम आपल्याच गावात झालंय. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कित्येक दशकं यावर संशोधन चाललं, आणि कुठल्या परदेशी प्राण्यावर नव्हे तर घरातल्या पिवळसर पोटाच्या पालीवर, हेमिडॅक्टायलस फ्लाविविरिडिस. उजेड किती तास मिळतो, ऋतू कोणता, थायरॉइडसारखी हार्मोन्स किती, याचा शेपटीच्या वाढीवर काय परिणाम होतो हे तिथे बघितलं गेलं. जास्त उजेडात वाढ जलद, अंधारात मंद. बडोद्यातल्या मुलाला हे माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.
नवी शेपटी हुबेहूब नसते. आत मणके येत नाहीत, कूर्चेची एक सलग नळी येते, खवल्यांची नक्षीही वेगळी. कच्च्या जागा नव्या भागात नसतात, त्यामुळे पुढच्या वेळी तुटायचं तर जुन्या उरलेल्या भागातच तुटावं लागतं.

कारेलीबाग_७७
मग नॉनस्टिक तव्यावर चढेल का?

मेकॅनिकल_अलकापुरी
कोरड्या टेफ्लॉनवर (नॉनस्टिक तव्याचा थर) घसरते, रेणूंचं आकर्षण फार कमी पडतं. गंमत म्हणजे टेफ्लॉन ओलं असेल तर बऱ्यापैकी चिकटते, 2013 च्या प्रयोगात हे दिसलंय. काचेवर उलट, काच चांगली भिजलेली असेल तर पकड सुटते.

रावपुऱ्याची_आई
काका आणि बाई दोघांचे आभार, त्याला सगळं वाचून दाखवलं, गुणाकार करून उड्या मारतोय. सासूबाईंनी पण ऐकलं, विद्यापीठाचं नाव निघाल्यावर जास्तच लक्ष देऊन. आता तो म्हणतो इतकी घट्ट चिकटते तर पुढचं पाऊल टाकते कशी, अडकून का नाही बसत? आणि पकडायची नाही तर प्रयोग काय करू?

प्राणिशास्त्र_निवृत्त
याच प्रश्नावर प्रयोग करू द्या. चिकटताना केस किंचित दाबून मागे ओढावे लागतात, आणि केस व पृष्ठभाग यांच्यातला कोन साधारण 30 अंशांवर गेला की तो आपोआप सुटतो. म्हणून पाल बोटं टोकाकडून वर वळवते, सेलोटेप कडेने सोलतो तशी, सगळे केस एकदम ओढायची वेळच येत नाही. एक बोट सुटायला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो, नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही.
पाल काचेच्या बाहेरच्या बाजूला असेल तेव्हा आतून मोबाइल अगदी जवळ धरून स्लो मोशनमध्ये घ्यायला सांगा, तळवा सरळ समोर येतो, पट्ट्याही दिसतील. फ्लॅश नको, पळून जाईल. वर चढताना आणि डोकं खाली करून उतरताना असे दोन्ही व्हिडिओ घ्या, उतरताना मागचे पाय उलटे फिरवलेले दिसले पाहिजेत कारण केस एकाच दिशेने ओढले तर धरतात.
आणि शेपटी तुटलेली ती पाल पुन्हा त्याच खिडकीवर आली तर आठवड्याला एक फोटो, लांबीचा अंदाज यावा म्हणून खिडकीची चौकटही फोटोत घेऊन. थंडी सुरू झाली की वाढ मंदावते, म्हणून आजपासूनच सुरू करू द्या.