शब्दचर्चा: ‘मेयोफॉना’ला मराठीत काय म्हणावं?

खाजणवेडी: खाडीवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. ‘मेयोफॉना’ला, म्हणजे तळाच्या गाळात राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांना, मी ‘मध्यमजीव’ लिहिलं, संपादकांनी ‘सूक्ष्मजीव’ केलं. दोन्ही खटकतंय.

चाळणवाला: ‘सूक्ष्मजीव’ आधी खोडा. वाचकाला जिवाणूच दिसतील. हे तर तोंड-आतडं असलेले प्राणी, बहुतेक सूत्रकृमी, मग हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले इवलेसे कवचधारी) वगैरे. ‘मध्यम’ही चूक. ग्रीक ‘मेयॉन’ म्हणजे ‘अधिक लहान’. ‘मेयोसिस’ (गुणसूत्रं निम्मी करणारं पेशीविभाजन) यातही तोच धातू. समुद्रजीवांच्या अभ्यासक मॉली मेअर यांनी १९४२ साली ‘मेयोबेंथॉस’ शब्द काढला (‘बेंथॉस’ म्हणजे तळाशी राहणारे जीव), तो याच अर्थानं.

आणि हे माप आहे, कूळ नव्हे. ओहोटीला गाळ उचलायचा, १ मिमीच्या चाळणीतून धुवायचा (काहीजण ०.५ची घेतात), खाली पडेल ते ६३ मायक्रॉनच्या (०.०६३ मिमी) चाळणीवर धरायचं. तिथे अडकले ते हे. शिंपल्यांची पिल्लंही काही दिवस याच चाळणीत सापडतात, वाढली की यादीतून बाद! मी ‘लघुतलजीव’ लिहितो.

खाजणवेडी: ‘तलजीव’ वाचून तलावातले वाटतात हो. ‘लघुतळजीव’?

चाळणवाला: चालेल की. ‘लघु’ संस्कृत नि ‘तळ’ आपला म्हणून पंडित नाक मुरडतील. मुरडू देत.

खाजणवेडी: अजून एक अडलंय. ‘जैवभार (जीवांचं एकूण वजन) कमी, पण टर्नओव्हर मोठा’. ‘टर्नओव्हर’ला काय लिहू?

चाळणवाला: उलाढाल! भाजीच्या गाडीवर एका वेळी माल तो किती? पण संध्याकाळी गाडी रिकामी, सकाळी पुन्हा भरलेली. यांच्यातल्या कित्येक जातींची पिढी काही आठवड्यांत उरकते. चौरस मीटरभर गाळात १० लाखांच्या घरात असतात, वजन मात्र जेमतेम काही ग्रॅम. हे प्राणी जिवाणू, डायटम (सूक्ष्म शैवाल), कुजका पाला खाणार. यांना कोळंबीची आणि माशांची पिल्लं खाणार. बोई मासळी तर गाळच तोंडात भरते, त्यात हेही जातात. नुसतं वजन बघून हिशेब मांडलात तर खाडीतल्या पिल्लांचं पोट कशावर भरतं तेच कळणार नाही.

भरतीओहोटी: मध्येच बोलतो. वर कोणी लिहिलं नाही, पण लेखांत सर्रास दिसतं म्हणून: ‘ऊर्जाचक्र’ नको. नत्र-स्फुरद फिरून येतात, त्यांचं चक्र. ऊर्जा दर टप्प्यावर उष्णता होऊन निघून जाते, ती परतत नाही. म्हणून ‘ऊर्जाप्रवाह’.

खाजणवेडी: अरे देवा. तिसऱ्या परिच्छेदात तीनदा ‘चक्र’ आहे. जाते खोडायला.