देवाचा फोटो टाकला की शुभ सकाळ, दाभोलकरांचा टाकला की वाद?

रिकामटेकडा_ठाणे:
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटेपासूनच सुरू होतं, गुरुवारी स्वामी, शनिवारी मारुती, मंगळवारी बाप्पा, मधेच कुणीतरी "हा मेसेज ११ जणांना पाठवा". माझी काही तक्रार नाही, म्यूट करून ठेवलाय. या २० ऑगस्टला मी डॉ. दाभोलकरांचा फोटो टाकला, खाली एवढंच की २०१३ साली आजच्याच दिवशी पुण्यात पुलावर गोळ्या घालून यांचा खून झाला, विनम्र अभिवादन. देव आहे की नाही यावर एक अक्षर नाही. लगेच सेक्रेटरींचा मेसेज, "कृपया धार्मिक विषय नकोत, सर्वांच्या भावना जपूया". त्याच्या जस्ट वरती त्यांचंच सत्यनारायणाचं आमंत्रण! मग वेगळा फोन, की तू चांगल्या घरातला मुलगा, कशाला या भानगडीत पडतोस. तुमच्याकडे पण असंच आहे का? तुम्ही उघड बोलता की गप्प बसता?

मिसळपाव_नको_पोहे:
भाऊ, ते लोक काही मत मांडत नसतात रे, गुड मॉर्निंग म्हणत असतात. तू दाभोलकर टाकलेस की त्यांना वाटतं आमच्या पूजेवर बोट ठेवलं. आणि नास्तिक मंडळी पण काही कमी नसतात हां, गणपती आले की लाऊडस्पीकरवर लेक्चर सुरू, प्रसादाच्या शिऱ्याला मात्र पहिला नंबर 😄

रिकामटेकडा_ठाणे:
शिरा मी खातोच, तुपातला असेल तर दोनदा. पण तू म्हणतोस तेच तर माझं दुखणं आहे, त्यांचं ते "गुड मॉर्निंग" आणि माझं ते "मत". सेक्रेटरींना विचारलं, नियम करायचा तर सगळ्यांनाच करा, स्वामी पण बंद नि दाभोलकर पण बंद. तर म्हणे स्वामी धार्मिक कुठे, ती आपली संस्कृती.

लॅबवाली:
मला तर बोलावं पण लागत नाही. आमच्या लॅबमध्ये खंडेनवमीला मशीनची पूजा असते, सेंट्रीफ्यूजला हळदकुंकू, वर झेंडूचा हार, पाकळ्या झाकणाच्या फटीत अडकलेल्या नंतर मलाच चिमट्याने काढाव्या लागतात. एका वर्षी मला म्हणाले मॅडम तुम्ही सीनियर, नारळ तुम्ही फोडा. मी म्हटलं दुसऱ्या कुणाला तरी द्या, बस्स एवढंच, तर चहापर्यंत सगळीकडे झालं की मॅडम कम्युनिस्ट आहेत. आणि घरी वेगळीच तऱ्हा. नवराही देव मानत नाही पण त्याला कुणी विचारत नाही, "त्याचं असंच आहे" म्हणून हसतात. वटपौर्णिमेला मी वडाला गेले नाही की सासूबाईंच्या मैत्रिणी मला विचारतात, नवऱ्याशी पटत नाही का गं?? बाईने न मानणं म्हणजे थेट संसारावरच शंका.

भगवा_मावळा:
हे सगळं हिंदूंनाच का ऐकवता? दुसऱ्या धर्माबद्दल बोलून दाखवा मग कळेल.

जुना_वाचक:
बोललेत की, आणि काय झालं तेही बघा. २०१२ मध्ये मुंबईत इर्ल्याच्या चर्चमध्ये क्रुसातून पाणी ठिबकायला लागलं, लोक ते तीर्थ म्हणून घ्यायला लागले, बुद्धिवादी चळवळीतल्या सनल एडामारुकु यांनी सांगितलं की जवळच्या तुंबलेल्या ड्रेनेजचं पाणी भिंतीत चढतंय. तर कॅथलिक संघटनांनी धर्माच्या अपमानाच्या कलमाखाली, म्हणजे २९५ अ खाली, तक्रारी केल्या, आणि ते फिनलंडला निघून गेले. मार्च २०१७ मध्ये कोइमतूरला फारूक नावाच्या मुस्लीम घरातल्या नास्तिक तरुणाचा खून झाला, कारण फेसबुक नि व्हॉट्सॲपवर लिहायचा. तेव्हा कुठल्या एकाच धर्माचा हा मक्ता नाही. आणि २९५ अ, जे १९२७ चं कलम आहे नि आता न्यायसंहितेत २९९ झालंय, त्यात मुद्दाम, द्वेषबुद्धीने अपमान असं लिहिलंय, "मी देव मानत नाही" एवढ्यावर गुन्हा होत नाही. पण केस टिकेल न टिकेल, पोलीस स्टेशनच्या फेऱ्या तुमच्याच.

माळकरी_अण्णा:
मी वारकरी आहे, गळ्यात माळ आहे, तरी रिकामटेकड्याचं म्हणणं मला पटतं. आषाढीला मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात, टीव्हीवर लाइव्ह असतं, मला आनंदच होतो. पण तोच मुख्यमंत्री उद्या म्हणाला की माझा विश्वास नाही, पूजेला दुसरं कुणी बसवा, तर पुढच्या निवडणुकीत काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. त्याने विठ्ठलाला नावं ठेवली नाहीत तरी. हे काही बरोबर नाही बुवा.

लॅबवाली:
अण्णा 🙏 आणि नुसते हात न जोडणंसुद्धा चालत नाही. नाशिकच्या एका शिक्षकांनी शाळेच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली होती. शेवटी हायकोर्टाने सांगितलं की अशी सक्ती करता येणार नाही.

भगवा_मावळा:
कोर्टात जिंकले ना मग, अजून काय पाहिजे

जुना_वाचक:
पगारासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली हेच तर म्हणतोय आम्ही. हात जोडणाऱ्या कुणाला कधी चढावी लागली?

पोरगी_पहिलीत:
यावरून आठवलं, २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने स्पष्ट म्हटलंय की सरकार कुणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, "धर्म नाही" असं लिहायचा हक्क आहे. मी लेकीच्या ॲडमिशनला रकान्यात रेघ मारली. तर क्लार्क म्हणतो मॅडम, सॉफ्टवेअर पुढंच जात नाही, हेडमास्तरांना विचारून येतो. बराच वेळाने आला नि हळूच म्हणाला, त्यापेक्षा हिंदू लिहूया ना, आडनावावरून काय ते कळतंयच. मी नाही म्हटलं. मागं लाइनीत पालक ताटकळलेले, आणि सगळ्यांच्या नजरा अशा की यांचं पोरगं माझ्या पोराच्या बाकावर नको.