मोडी कागदाचा फोटो गटात टाकून वाचून घेणं, याला अभ्यास म्हणायचं का?

कसबेकर: घरच्या ट्रंकेत मोडी, म्हणजे मराठीच्या जुन्या जलद लिपीतले, कागद निघाले. एकाचा फोटो फेसबुकवरच्या मोडीच्या गटात टाकला, रात्रीपर्यंत चौघांनी मिळून निम्मा वाचून दिला. तारखेच्या जागी ‘सबा सितैन मया व अलफ’. एका ताईंनी उलगडून सांगितलं: अरबी अंक आहेत, सात, साठ, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना, ११६७. मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला, हे वर्ष बदलतं. इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून ६००. आले १७६६-६७! नोकरी सांभाळून हे मला कोण शिकवणार होतं? हौशी माणसाला याहून मोठा आधार नाही.

रुमाल_सोडा: आधार कसला, आयतं ताट! पेशवाईतले कागद ठेवलेलं पेशवे दफ्तर पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत. इतिहासकार वि. का. राजवाडे कागदांसाठी गावोगाव वणवण हिंडले, तेव्हा कुठे १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. तुम्हाला कसब्यातून सदाशिव पेठ लांब? शिवाय मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ज्याच्या वाचनाला लाइक जास्त ते खरं, आणि सकाळी तेच व्हॉट्सअ‍ॅपवर. कागद कुणाचा, कुठला, पत्ता नाही.

पर्वती_पायथा: दफ्तर उघडं असतं तेव्हा आम्ही ऑफिसात असतो, साहेब. आणि सगळं दफ्तरातल्या रुमालात, कागद बांधायच्या फडक्यात, बांधलेलं नसतं. पानशेतच्या पुराआधीचा, म्हणजे १२ जुलै १९६१ च्या आधीचा नदीकाठचा फोटो टाकून बघा. हा कोणाचा वाडा, जिना कुठल्या बोळात उतरायचा, हे तिथे राहिलेली माणसंच सांगतात. ती आता मुलाकडे बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत.

रुमाल_सोडा: फोटोपुरतं मान्य. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. शनिवारवाड्याच्या भुयाराचा विषय निघाला की ‘आमच्या आजोबांनी पाहिलंय’ म्हणणारे दहा जण हजर! नानासाहेब पेशव्यांच्या काळातला कात्रजचा नळ, म्हणजे शहरात पाणी आणणारा जमिनीखालचा बांधीव मार्ग, माणूस उभा चालेल एवढा आहे. आजोबांनी बहुधा तोच पाहिला. पण हे लिहिलं की लोक चिडतात, आणि ॲडमिन माझीच कॉमेंट उडवतो.

कसबेकर: भाषा जरा सौम्य ठेवलीत तर नाही उडवणार. बरं, उरलेला निम्मा कागद कोण वाचेल?

रुमाल_सोडा: शनिवारी घेऊन या, बसू. फोटो नको, मूळ कागद. कडा कापलेला फोटो टाकला होतात, शिक्का अर्धाच दिसतोय. आणि त्याला सेलोटेप लावला असेल तर आत्ताच सांगा.