शब्दचर्चा : ‘आल्पाइन’ला मराठीत काय म्हणावं?

वाळपईहून :
आठवीच्या मुलांसाठी भारतातल्या सर्वांत उंच पर्वतांवर टिपण करते आहे. ‘आल्पाइन पट्टा’ आणि तिथली कुरणं यांपाशी अडले. ‘उच्चपर्वतीय’ चालेल का? आमची सत्तरी तालुक्यातली मुलं सोसोगड बघत मोठी होतात. सुमारे १,१६६ मीटर, गोव्यात त्याहून उंच काही नाही. ‘उच्चपर्वतीय’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तिथलंच दाट रान येईल, अशी भीती वाटते.

डिचोलीहून :
बाई, ‘उच्चपर्वतीय कुरण’ म्हणा. नाहीतर आपला ‘सडा’, म्हणजे उघडं खडकाळ पठार, आहेच की. झाडं नाहीत, पावसाळ्यात गवत आणि फुलं, गुरं चरतात. मुलांना लगेच कळेल.

फोंड्याहून :
सडा नको. सड्यावर माझा जीव आहे, म्हणूनच म्हणतो. सडा उघडा राहतो तो जांभ्यामुळे. वर माती बोटभर. पावसात पाणी साचतं, पाऊस सरला की सगळं करपतं, मग झाड मूळ धरणार कुठे? उंचीचा तिथे काही संबंध नाही. मुरगावचा सडा तर समुद्राला लागूनच आहे.

आल्पाइन पट्ट्यात झाडाला अडवते ती थंडी. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. गढवालात साडेतीन हजार मीटरांच्या आसपास शेवटची भूर्जाची झाडं संपतात, कारण त्यावरचा उन्हाळा इतका तोकडा आणि गार असतो की झाडाची वाढच होत नाही. ही वृक्षरेषा. तिथून वर कायमच्या बर्फापर्यंत, म्हणजे हिमरेषेपर्यंत, जो पट्टा उरतो तो आल्पाइन. झाडं कुठे थांबली, हा या शब्दाचा गाभा आहे आणि ‘उच्चपर्वतीय’मध्ये नेमका तोच येत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच, तरी वृक्षरेषेच्या कितीतरी खाली. म्हणून मी सरळ ‘वृक्षरेषेवरचा पट्टा’ लिहीन.

कुरणासाठी तर शब्द तयारच आहे. गढवालात त्याला बुग्याल म्हणतात : बेदनी बुग्याल, दयारा बुग्याल. तिथे उन्हाळ्यात मेंढपाळ कळप घेऊन चढतात, थंडीत सगळं बर्फाखाली जातं. हिमालयातल्या माणसांनी घडवलेला शब्द आपण जसाच्या तसा घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

मडगावहून :
काश्मिरी ‘मर्ग’ का नको? गुलमर्ग, सोनमर्ग सगळ्यांना ठाऊक आहेत.

फोंड्याहून :
मर्ग म्हणजे कुरण, कुठल्याही उंचीवरचं. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरांवर, सूचिपर्णी रानाच्या कुशीत आहे. वृक्षरेषा त्याच्या वर.

मडगावहून :
पटलं. एक भर घालते. स्वित्झर्लंडच्या जर्मन बोलीत ‘आल्प’ म्हणजे उन्हाळ्यात गुरं नेतात ते डोंगरावरचं कुरण. तेव्हा डिचोलीच्या दादांचं ‘कुरण’ अर्थाच्या जवळचंच होतं. आणि ‘अल्पाइन’ असं ऱ्हस्व लिहू नका. मुलं ते ‘अल्प’शी जोडतात आणि अर्थ भलतीकडे जातो.

पेडण्याहून :
गिर्यारोहणातली ‘आल्पाइन शैली’ मात्र तशीच ठेवा. लहान तुकडी, सगळं सामान पाठीवर, आधीपासून दोर बांधून ठेवायचे नाहीत, वाटेत तळांची साखळी उभारायची नाही. तिथे वृक्षरेषा लावली तर गोंधळ होईल.

वाळपईहून :
फार मदत झाली. आता उंचीची वाक्यं. ‘भारतातलं सर्वांत उंच शिखर’ कोणतं लिहू? एका पुस्तकात कांचनगंगा आहे, दुसऱ्यात नंदादेवी.

फोंड्याहून :
इथे क्रियाविशेषण जपून वापरायला हवं. कांचनगंगा ८,५८६ मीटर, पण ते सिक्कीम आणि नेपाळच्या सीमेवर. ‘संपूर्णपणे भारतात असलेलं सर्वांत उंच शिखर’ म्हणजे उत्तराखंडातली नंदादेवी, ७,८१६ मीटर. ‘संपूर्णपणे’ गाळलं की दोन्ही पुस्तकं एकमेकांना खोटी ठरवतात.

शिवाय कांचनगंगा या नावात सोनं नाही आणि गंगाही नाही. मूळ तिबेटी नावाचा अर्थ ‘महान हिमाचे पाच खजिने’, पाच शिखरांवरून पडलेला. मराठीत रूप रुळलं आहे, ते बदला असं म्हणणार नाही. पण मुलांना मूळ अर्थ सांगाच. १९५५ साली जो ब्राउन आणि जॉर्ज बँड तिथे पहिल्यांदा पोचले, तेव्हा सिक्कीमच्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखून ते अगदी माथ्यावर न चढता काही पावलं आधीच थांबले.

पेडण्याहून :
‘नाथू ला खिंड’ असंही लिहू नका, बाई. तिबेटीत ‘ला’ म्हणजेच खिंड. नुसतं ‘नाथू ला’ पुरे.

वाळपईहून :
मग टिपणात असं लिहिते : ‘वृक्षरेषेच्या वर झाडं वाढत नाहीत. तिथल्या उन्हाळी कुरणांना गढवालात बुग्याल म्हणतात.’ आणि सड्याचं उदाहरण खाली वेगळं देते, झाडं नसण्याचं दुसरं कारण म्हणून.